दूर देशींच्या मुलींसाठीं एक डॉलर

परोपकारासाठीं पैसा मागणें कधींच सोपें नसतें. आणि ज्यांचें तोंडहि देणाऱ्यानें पाहिलेलें नाहीं, ज्यांची भाषा त्याला समजत नाहीं, अशा परदेशांतील मुलींच्या शिक्षणासाठीं मागणें तर फारच कठीण. शेजारच्या घरीं चूल पेटली नाहीं हें डोळ्यांना दिसतें. परंतु हजारों मैलांवरील एखाद्या मुलीला पाटी मिळाली नाहीं हें कोणी सांगितल्याखेरीज कळत नाहीं, आणि सांगितलें तरी तें खरें कशावरून, हा प्रश्न उरतोच. असें असूनहि लहान लहान मंडळें हें काम करीत आलीं आहेत. त्यांचें काम कसें चालतें, कोठें अडतें आणि कशाच्या आधारावर टिकतें, हें समजून घेण्यास मराठी माणसाला फार दूर जावयास नको. एके काळीं त्या दूर देशींच्या मुली महाराष्ट्रांतल्या होत्या, आणि त्यांच्यासाठीं दारोदार जाणाऱ्या स्वयंसेविका अमेरिकेंतल्या होत्या.

११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत आनंदीबाई जोशी यांना डॉक्टरीची पदवी मिळाली. महाविद्यालयाच्या प्रमुख राचेल बॉडले यांच्या निमंत्रणावरून पंडिता रमाबाई त्या समारंभासाठीं इंग्लंडहून आल्या होत्या. आल्या त्या पाहुण्या म्हणून. पण राहिल्या अडीच वर्षांहून अधिक. महाराष्ट्रांतील उच्चवर्णीय बालविधवांसाठीं एक निवासी शाळा काढावी, हा विचार त्यांच्या मनांत पक्का झालेला होता. १८८७ सालीं त्यांनीं हिंदु स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजींत एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याला प्रस्तावना बॉडलेबाईंची होती, आणि शेवटचें प्रकरण म्हणजे सरळ सरळ मदतीची विनंती होती. पुस्तक झपाट्यानें खपलें, व्याख्यानांना गर्दी होऊं लागली. परंतु व्याख्यान ऐकून हळहळलेला मनुष्य दुसऱ्या दिवशीं आपल्या उद्योगाला लागतो. ती हळहळ शाळेच्या भाड्यांत आणि शिक्षिकेच्या पगारांत कशी उतरवावयाची, हा खरा प्रश्न होता.

त्याचें उत्तर १८८७ च्या डिसेंबरांत बोस्टन शहरांत मिळालें. तेथें 'रमाबाई असोसिएशन' नांवाची संस्था स्थापन झाली. एडवर्ड एव्हरेट हेल हे तिचे अध्यक्ष झाले. निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांचे नामांकित धर्मोपदेशक आणि मद्यपानबंदीच्या चळवळीच्या पुढारी फ्रान्सिस विलार्ड यांच्यासारख्या स्त्रिया पदाधिकाऱ्यांत होत्या. रोजच्या कामाचा भार ज्यूडिथ अँड्र्यूज या बाईंच्या कार्यकारी मंडळावर पडला. मोठीं नांवें लोकांचा विश्वास मिळवून देतात, पण पत्रें लिहिणें, पावत्या फाडणें आणि राहिलेल्या वर्गणीची आठवण करणें हें काम दुसऱ्याच माणसांना करावें लागतें. चालू स्थितींतील प्रत्येक संस्थेंत ही दोन प्रकारचीं माणसें आढळतील.

संस्थेची पैसा जमविण्याची रीत अगदीं साधी होती. गांवोगांवीं 'रमाबाई सर्कल' म्हणजे रमाबाई मंडळें काढण्यांत आलीं. मंडळाच्या प्रत्येक सभासदानें वर्षाला एक डॉलर द्यावयाचा, आणि असा तो दहा वर्षें देत राहावयाचें. एक डॉलर म्हणजे त्या काळच्या भावानें सुमारें तीन रुपये. ही रक्कम मध्यम स्थितींतल्या गृहिणीला किंवा शाळेंतल्या शिक्षिकेला घरखर्चांतून काढतां येण्यासारखी होती. एखाद्या मंडळांत पन्नास सभासद असले तर वर्षाचे दीडशें रुपये झाले. हा आकडा लहान खरा. परंतु शहराशहरांतून मंडळें निघालीं म्हणजे त्या लहान आकड्यांतूनच शाळा उभी राहते.

येथें एका गोष्टीकडे विशेष लक्ष दिलें पाहिजे. दहा वर्षांची मुदत कां? एखाद्या धनिकानें एकदांच मोठी देणगी दिली असती तर काम लवकर झालें नसतें काय? शाळेचें गणित इमारतीच्या गणिताहून निराळें असतें. इमारत एकदां बांधली कीं उभी राहते. आठ-दहा वर्षांच्या मुलीला अक्षरओळखीपासून स्वतःच्या पायांवर उभी राहण्यापर्यंत नेण्यास मात्र कित्येक वर्षें लागतात, आणि त्या काळांत एक वर्ष जरी पैसा आटला तरी तिला परत सासरच्या माजघरांत जावें लागतें. अर्धवट शिकवून सोडलेली मुलगी पूर्वींपेक्षांहि दुःखी होण्याचा संभव असतो. म्हणून येथें देणगीच्या मोठेपणापेक्षां तिच्या नियमितपणाला किंमत आहे. परदेशांतील शाळेला मदत करूं इच्छिणाऱ्या मंडळानें "यंदा किती जमले?" या प्रश्नाबरोबरच "पांचव्या वर्षीं कितीजण देत असतील?" हाहि प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे.

रमाबाई १८८९ च्या आरंभीं मुंबईस परतल्या, आणि ११ मार्च रोजीं, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीदानानंतर बरोबर तीन वर्षांनीं, चौपाटीवर 'शारदा सदन' उघडलें. त्या समारंभाच्या अध्यक्षस्थानीं काशीबाई कानिटकर होत्या. पुढच्याच वर्षीं सदन पुण्यास गेलें. पैसा बोस्टनचा असला तरी सल्ला देण्यास येथें रानडे, भांडारकर यांच्यासारख्या गृहस्थांची समिति होती. शाळेंत कोणत्याहि धर्माचें शिक्षण द्यावयाचें नाहीं आणि ज्या मुलीला आपल्या जातीचे आचार पाळावयाचे असतील तिला ते पाळूं द्यावयाचे, असें ठरलेलें होतें. देणारे ख्रिस्ती, चालविणारी ख्रिस्ती झालेली ब्राह्मण विदुषी, आणि शिकणाऱ्या मुली सनातनी घरांतल्या. या तिघांना एकत्र बांधणारा धागा म्हणजे हा करार होता.

तो धागा चार वर्षांत ताणला गेला. रमाबाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत. दार उघडें असे. कांहीं मुली आपण होऊन तेथें जाऊन बसूं लागल्या. रमाबाईंचें म्हणणें असें कीं, कोणावर सक्ति नाहीं, आणि कोणाला अडवणेंहि उचित नाहीं. पालकांचें आणि 'केसरी'चें म्हणणें असें कीं, निराधार पोरक्या मुलीच्या बाबतींत मुभा आणि ओढ यांमधील अंतर फार थोडें असतें. १८९३ सालीं सल्लागार समितीनें राजीनामा दिला आणि पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. कोण बरोबर होतें, यावर अद्यापहि दोन मतें आहेत. दूर देशीं शाळा चालविणाऱ्यांनीं मात्र यांतून एक धडा घेण्यासारखा आहे. पैसा देणाऱ्यांचा विश्वास वार्षिक अहवालानें राखतां येतो. परंतु ज्या घरांतून मुली यावयाच्या त्या घरांचा विश्वास अहवालानें मिळत नाहीं. तो गमावला म्हणजे तिजोरी भरलेली असूनहि बांक रिकामे राहतात.

दुसरी अडचण अमेरिकेंतच उभी राहिली. मदत मागतांना दुःखाचें वर्णन करावें लागतें, आणि दूरच्या श्रोत्यांना एका देशाचें दुःख तेवढें ऐकविलें तर त्या देशांत दुःखाखेरीज कांहीं नाहीं, अशी त्यांची समजूत होते. १८९५ च्या सुमारास स्वामी विवेकानंदांनीं ब्रुकलिन येथें या चित्राला हरकत घेतली. तेथील रमाबाई मंडळाच्या स्त्रियांनीं वर्तमानपत्रांतून त्यांना उत्तर दिलें. वाद बराच कडवट झाला. परंतु त्याच सुमारास स्वामीजींनीं शशिपद बानर्जी यांच्या बंगालमधील विधवांच्या शाळेच्या मदतीसाठीं ब्रुकलिनलाच एक व्याख्यान दिलें, हेंहि विसरतां कामा नये. म्हणजे विधवांना शिकवावें याबद्दल दोन्ही पक्षांत दुमत नव्हतें. त्यांच्या नांवानें मागतांना त्यांच्या समाजाची लाज किती उघड करावयाची, एवढाच वाद होता. हा वाद आजच्या प्रत्येक मदतपत्रकांत, प्रत्येक केविलवाण्या छायाचित्रांत जिवंत आहे. मुलीचा फाटका परकर दाखविल्यानें पैसा लवकर जमतो खरा. पण तीच मुलगी मोठी होऊन तें चित्र पाहील तेव्हां तिला काय वाटेल, हें मागणाऱ्यानें आधींच मनांत आणलें पाहिजे.

एवढीं विघ्नें येऊनहि बोस्टनच्या संस्थेनें वचन मोडलें नाहीं. दहा वर्षांची मुदत संपत आली तेव्हां १८९८ सालीं रमाबाई पुनः अमेरिकेस गेल्या. जुन्या संस्थेचें काम आटोपून त्याच कार्यासाठीं नवी संस्था निघाली.

त्या डॉलरांचें फळ काय, असें कोणी विचारलें तर देवरूखच्या गोदूबाईंचें नांव सांगावें. आठव्या वर्षीं वैधव्य आलेल्या गोदूबाई शारदा सदनांत दाखल झालेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत. ११ मार्च १८९३ रोजीं, पुनः त्याच तारखेस, त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह झाला. कर्व्यांनीं १८९६ सालीं स्वतः अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढें हिंगण्यास गेला, आणि १९१६ सालीं त्यांनीं महिला विद्यापीठ स्थापन केलें. ब्रुकलिनच्या गृहिणीला आपला डॉलर कोठें गेला याचा हा पत्ता लागला असेल कीं नाहीं, कोण जाणे.

गोदूबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. याहि विधवाच. हिंगण्याच्या आश्रमासाठीं त्यांनीं वर्षानुवर्षें गांवोगांव हिंडून व्याख्यानें दिलीं आणि वर्गणी गोळा केली. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९१८ सालीं, त्या आश्रमाच्या कार्यासाठीं व इंग्रजी शिकण्यासाठीं अमेरिकेस गेल्या. हातीं पैसा नव्हता आणि भाषा येत नव्हती. तेव्हां त्यांनीं तेथें लोकांच्या घरीं मोलकरणीचें काम धरलें. तीस वर्षांपूर्वीं ज्या देशांतल्या गृहिणींनीं घरखर्चांतून डॉलर काढून त्यांच्या बहिणीला शिकविलें, त्याच देशांतल्या घरांत भांडीं घांसून ही बाई आपल्या शाळेसाठीं इंग्रजी शिकली, आणि परत येऊन पुनः हिंगण्याच्या कामाला लागली.