आखाडात वाचलेला कोंबडा

आषाढातल्या मंगळवार-शुक्रवारी कोल्हापूरकर नवं पाणी घेऊन त्र्यंबोलीच्या टेकडीकडे निघतात आणि खेडोपाडी गावठी कोंबड्याला भाव चढतो. खुराड्यात गेलेला हात तेव्हा हमखास सगळ्यांत वजनदार, छातीनं भरलेल्या कोंबड्यावर पडतो. तो एक तर रश्श्यात जातो, नाही तर बाजारात. मागं उरतो तो काटकुळा, ‘असू दे अजून’ म्हणून सोडलेला. पुढच्या सगळ्या पिल्लांचा बाप तोच. शाळूचं बी राखताना टपोरी कणसं पारखून बाजूला काढणारा शेतकरी परसात मात्र नेमका उलटा व्यवहार करतो. परसातल्या कोंबड्यांत निवड होत नाही, हे म्हणूनच खरं नाही. ती दर पिढीला होते, फक्त सुरी करते. गावठी कोंबडीचं वाण सुधारायचं तर नवी जात आणण्याआधी कापायचा कोंबडा बदलायला हवा.

पिल्लाला निम्मा वारसा बापाकडून मिळतो. कोंबड्या दहा आणि कोंबडा एकच असेल, तर त्या एकट्याची निवड दहा कोंबड्यांच्या निवडीइतकी मोलाची ठरते. वजन बऱ्यापैकी आनुवंशिक असतं, त्यामुळे ते डोळ्यांनी पारखता येतं. अंड्यांच्या संख्येचं तसं नाही. तिच्यावर दाण्यापाण्याचा प्रभाव जास्त, आणि कोंबडा तर अंडी घालतच नाही. त्याची परीक्षा आईवरून करावी लागते. खुडूक बसून जिनं बहुतेक अंडी उबवली, घारी-मुंगसांतून पिल्लं वाचवून पावसाळा काढला, तिचा मुलगा राखावा. तिला उचलून पाहावं: अंड्यावरच्या कोंबडीच्या ढुंगणाजवळच्या दोन हाडांमध्ये दोन-तीन बोटं सहज बसतात. मात्र सगळ्यांना टोचून दाणा हिसकावणारी दांडगी म्हणजे उत्तम, हा समज धोक्याचा. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात विल्यम म्यूर यांनी एकेका कोंबडीऐवजी पूर्ण पिंजऱ्याची कामगिरी पाहून निवड केली, तेव्हा वर्षाकाठी ६८ टक्के असलेली मरतूक काही पिढ्यांतच ९ टक्क्यांच्या आत आली.

यावर पहिला आक्षेप असा की, एवढ्याशा कळपात सुधारणा कसली होणार? आक्षेप निम्मा खरा आहे. एक कोंबडा आणि दहा कोंबड्या हे डोळ्यांना अकरा पक्षी दिसतात, पण वारशाच्या हिशेबात ते जेमतेम ३.६ भरतात आणि रक्त जवळ येण्याचं प्रमाण पिढीला सुमारे १४ टक्क्यांनी वाढतं. मग अंडी उबत नाहीत, पिल्लं नाजूक निघतात. दुसरा कोंबडा ठेवला की हाच आकडा ६.७ वर येतो. त्यापुढचा उपाय जुनाच: वाडीतल्या चार घरांनी दर वर्षी कोंबडे अदलाबदल करायचे. दोन वर्षं एकच कोंबडा ठेवून लेकीबाळींवर सोडणं हाच परसातला सर्वांत महागडा आळस.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा, हैदराबादच्या संशोधन संस्थेची वनराजा असताना गावठीच्या मागं का लागायचं? कोल्हापुरात शासनाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रही आहे. नुसती अंडी हवीत तर ही वाट योग्यच. गावठी वर्षाला ६० ते ८० अंडी देते, गिरिराजा त्याच्या जवळजवळ दुप्पट. पण गिरिराजा सहसा खुडूक बसत नाही आणि संकराचे गुण पुढच्या पिढीत विस्कटतात, म्हणून पिल्लांसाठी पुन्हा पैसे मोजावे लागतात. जातीच्या नावावर भाळण्याचं टोक या भागानं २०१९ मध्ये कडकनाथ कोंबडीपालनाच्या फसवणूक प्रकरणात पाहिलंच आहे. त्यात बिचाऱ्या कोंबडीचा दोष काहीच नव्हता. निवडीनं गावठी कोंबडी दोनशे अंड्यांची होणार नाही. पण तिची बारापैकी सात-आठ पिल्लं जगली तरी त्या घराचा हिशेब बदलतो. मानमोडीची लस या निवडीला पर्याय नाही आणि ही निवडही लशीला पर्याय नाही.

खर्च म्हणाल तर एका चिंधीचा. ज्येष्ठ संपायच्या आत दोन कोंबडे निवडून त्यांच्या पायाला ती बांधायची, आणि पाहुणा कितीही मोठा आला तरी रात्री डालग्यात हात घालताना आधी पाय चाचपायचा.