चार दिवसांचा खाडा

११ सप्टेंबर २०१४ रोजी ‘नासा’च्या ‘डॉन’ यानाचं आयन इंजिन अचानक थांबलं. उच्च ऊर्जेच्या एका कणाने यानातल्या इलेक्ट्रॉनिक्सला दणका दिला होता. १५ तारखेला इंजिन पुन्हा सुरू झालं. खाडा जेमतेम चार दिवसांचा, पण सेरेस या बटुग्रहाभोवतीच्या पहिल्या निरीक्षण कक्षेत पोचायला सुमारे महिनाभर उशीर झाला.

असं का व्हावं? हे इंजिन झेनॉनचे अणू विद्युतभारित करून सेकंदाला साधारण ३० किलोमीटर वेगाने मागे फेकतं. त्यामुळे इंधन फार कमी लागतं. मात्र त्याचा जास्तीत जास्त रेटा म्हणजे तळहातावर ठेवलेल्या दोन कोऱ्या कागदांचा भार! सूर्यापासून दूर जाताना सौर पॅनेलची वीज घटते, तसा तोही घटतो. मग काही मिनिटं इंजिन पेटवून उरलेली वाट गुरुत्वाकर्षणावर सोडायची सोय राहत नाही. २००७ ते २०१८ या मोहिमेत डॉनचं इंजिन एकूण जवळपास सहा वर्षं चालू होतं. रोजचा रेटा कोणत्या दिशेला, किती जोराचा, आणि इंजिन बंद कधी ठेवायचं, हे सगळं आधी ठरवावं लागतं. त्यात आजची दिशा किंचित बदलली, की दोन वर्षांनंतरची जागा बदलते आणि तिथे मिळणारी वीजही.

संगणक या गुंत्यातून सर्वांत कमी झेनॉन लागणारी वाट शोधतो. माझ्या मते कागदावरची ही ‘सर्वोत्तम’ वाटच सर्वांत नाजूक. इंजिनाला उसंत नाही, म्हणजे बुडालेला दिवस भरून काढायलाही जागा नाही. त्यामुळे नियोजनात असे बुडीत दिवस आधीच धरावे लागतात. डॉनच्या आराखड्यातही ते धरले होते.

पण हा खाडा सेरेस जवळ आल्यावर पडला, तेव्हा तो भरून काढायला फारसा वेळ उरला नव्हता. अभियंत्यांनी जुन्या वाटेचा हट्ट सोडून नवीच आखली. ६ मार्च २०१५ला, सेरेसपासून ६१ हजार किलोमीटरवर असताना, यान त्याच्या गुरुत्वाकर्षणात सापडलं, तरंगत ७५ हजारांपर्यंत दूर गेलं, आणि मग हळूहळू उतरत २३ एप्रिलला ठरलेल्या कक्षेत आलं.

महिना जास्त वाटत असेल, तर जपानच्या ‘अकात्सुकी’कडे पाहावं. डिसेंबर २०१०मध्ये शुक्राजवळ त्याचं रासायनिक इंजिन काही मिनिटं आधीच बंद पडलं. यान शुक्राला ओलांडून पुढे गेलं आणि त्याच्या कक्षेत शिरायला डिसेंबर २०१५ उजाडला.