संगणकाने न ओळखलेली हार्ड डिस्क : निदानाचा क्रम

सोलापूर जिल्ह्यात भीमा व सीना यांच्या संगमावर वसलेल्या हत्तरसंग कुडल येथील संगमेश्वर मंदिरात शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ या वर्षाचा मराठी शिलालेख आहे. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. सुमारे सहस्र वर्षांपूर्वी कोरलेली ती अक्षरे वाचण्यास उजेड, डोळे व लिपीचे ज्ञान एवढी सामग्री पुरते. याच लेखाचे छायाचित्र हार्ड डिस्कवर साठविले असता मात्र स्थिती पालटते. वीज, जोडणी, डिस्कची अंतर्गत यंत्रणा, विभागांचा तक्ता आणि फाइलींची सूची अशा अनेक मध्यस्थांनी आपापले काम चोख बजावले, तरच ते छायाचित्र पडद्यावर उमटते. यांपैकी एकाने जरी साथ सोडली, तरी संगणकाच्या दृष्टीने ती डिस्क जणू अस्तित्वातच नसते.

विद्यापीठीय संशोधनात या गोष्टीचे महत्त्व विशेष आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनुसार मान्य झालेला प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात 'शोधगंगा' या भांडारात जमा होऊ लागला. तथापि त्या प्रबंधाचा आधार असलेली मूळ सामग्री तेथे जात नाही. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातील निरीक्षणे असोत, यंत्रमाग कामगारांच्या मुलाखतींचे ध्वनिमुद्रण असो वा प्रयोगशाळेतील मापने असोत, ही सामग्री बहुधा एका डिस्कवर व एकाच प्रतीत असते. एके दिवशी ती डिस्क दिसेनाशी होते, आणि घाबरलेला अभ्यासक हाताला येईल तो उपाय करू लागतो. अशा प्रसंगी मूळ बिघाडाने जेवढी हानी झालेली नसते, तेवढी पुष्कळदा या उपायांनीच होते. यास्तव बिघाड नेमका कोठे आहे हे ठरविण्याचा क्रम प्रस्तुत लेखात मांडला आहे.

१. ओळख पटणे म्हणजे काय

'डिस्क ओळखली जात नाही' हे वाक्य ऐकण्यास एक असले, तरी त्यात निदान चार भिन्न अवस्था दडलेल्या असतात. पहिल्या अवस्थेत डिस्कला पुरेशी वीजच मिळत नाही, किंवा संगणकाशी तिचा संबंध जुळत नाही. दुसऱ्या अवस्थेत वीज मिळते, परंतु डिस्क आपले नाव, क्रमांक व धारणशक्ती संगणकाला कळवू शकत नाही. तिसऱ्या अवस्थेत हा परिचय होतो, परंतु डिस्कवरील विभागांची मांडणी संगणकाला वाचता येत नाही. चौथ्या अवस्थेत मांडणीही कळते. मात्र फाइल सिस्टिम अपरिचित, कुलूपबंद किंवा बिघडलेली असते.

या अवस्था पायऱ्यांप्रमाणे एकीवर एक रचलेल्या आहेत. खालची पायरी निर्दोष आहे अशी खात्री झाल्यावाचून वरच्या पायरीवर उपचार करणे व्यर्थ होय. ही खात्री करून घेण्याचे साधन सोपे आहे. संगणक सुरू होताना बायोसच्या पडद्यावर डिस्कचे नाव दिसते किंवा नाही हे प्रथम पाहावे. बाह्य डिस्क असल्यास विंडोजमधील 'डिस्क मॅनेजमेंट' किंवा लिनक्समधील 'एलएसबीएलके' ही आज्ञा तेच काम करते. नाव व धारणशक्ती अचूक दिसल्यास दोष वरच्या दोन पायऱ्यांवर आहे. मुळीच न दिसल्यास खालच्या दोन पायऱ्यांवर आहे. नाव दिसते, परंतु धारणशक्ती शून्य किंवा भलतीच दिसते, असे झाल्यास दुसऱ्या पायरीचा संशय घ्यावा.

२. वीज व जोडणी

कारणांपैकी सर्वांत साधी व सर्वांत निरुपद्रवी कारणे या पायरीवर आढळतात. अडीच इंची बाह्य डिस्क यूएसबी पोर्टमधूनच वीज घेते. प्रमाणित यूएसबी २.० पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर व यूएसबी ३.० पोर्ट ९०० मिलिअँपिअर प्रवाह देण्यास बांधील असतो. उलट तबकडी गतिमान होण्याच्या क्षणी डिस्कला १ अँपिअरच्या आसपास प्रवाह लागू शकतो. जुना पोर्ट, लांब केबल किंवा एकाच हबवर जोडलेली अनेक उपकरणे असली म्हणजे डिस्क फिरू लागते, अडखळते व पुन्हा थांबते. साडेतीन इंची डिस्कला तर १२ व्होल्टचाही पुरवठा लागतो, व तो स्वतंत्र अ‍ॅडॅप्टरमधून येतो. म्हणून प्रथम आखूड व चांगली केबल, संगणकाच्या मागील बाजूचा पोर्ट आणि शक्य तर दुसरा संगणक, या तीन गोष्टी बदलून पाहाव्यात. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. अन्यथा दोष कशात होता हे कळत नाही.

पेटीच्या आत असलेला, यूएसबीचे साटामध्ये रूपांतर करणारा छोटा बोर्डही पुष्कळदा निकामी होतो. अशा वेळी आतील डिस्क काढून ती थेट संगणकाला जोडण्याचा मार्ग असतो. परंतु त्याला तीन अपवाद आहेत. काही डिस्कांच्या मुख्य बोर्डावरच यूएसबीचा जोड असतो, त्यामुळे आत साटाचा जोड सापडतच नाही. काही पेट्यांतील बोर्ड सारी माहिती सांकेतिक रूपात लिहितो; त्यामुळे तो बोर्ड दूर केला की माहिती वाचता येत नाही. आणखी काही पेट्या ५१२ बाइटांच्या सेक्टरांऐवजी ४०९६ बाइटांचे सेक्टर असल्याचे संगणकाला भासवितात. अशी डिस्क थेट जोडली असता ती कोरी असल्यासारखी दिसते. वस्तुतः ती कोरी नसते. तिला पूर्वीच्याच जातीच्या पेटीत घातले, की मांडणी पुन्हा दिसू लागते.

आणखी एक चमत्कारिक कारण नोंदविण्यासारखे आहे. साटाच्या वीज-जोडात १५ पिना असतात. त्यांपैकी तिसऱ्या पिनेला नव्या प्रमाणात डिस्क बंद ठेवण्याचे काम सोपविण्यात आले. जुने वीज-पुरवठा संच मात्र त्याच पिनेवर ३.३ व्होल्ट देत असतात. परिणामी नव्या धाटणीची मोठी डिस्क जुन्या संगणकात जोडली असता ती निर्दोष असूनही फिरतच नाही.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. बहुतेक डिस्कांची कार्यमर्यादा ६० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. हवा न खेळणाऱ्या प्लॅस्टिकच्या पेटीत तासन्‌तास चाललेली डिस्क या मर्यादेच्या जवळ सहज पोहोचते. गरम झाल्यावर मधूनच नाहीशी होणारी व थंड झाल्यावर पुन्हा दिसणारी डिस्क हा पूर्वसंकेत समजावा.

३. परिचय न देणारी डिस्क

वीज व जोडणी निर्दोष असूनही डिस्क आपला परिचय देत नसेल, तर तिचा आवाज लक्षपूर्वक ऐकावा. अजिबात आवाज नसल्यास बोर्ड किंवा मोटर यांत दोष असतो. ठरावीक अंतराने 'टक्‌ टक्‌' असा आवाज येत असल्यास वाचन-लेखन शीर्षाला आपली जागा सापडत नाही, असे समजावे. हे शीर्ष मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. खराब शीर्ष पुनःपुन्हा चालू केल्याने तबकडीवरील चुंबकीय थर खरवडला जातो, आणि जी माहिती तज्ज्ञ प्रयोगशाळेत वाचू शकली असती तीही नाहीशी होते. यास्तव असा आवाज येताच वीज बंद करावी. डिस्क घरी उघडणे म्हणजे तबकडीवर धूळ बसविणे होय. डिस्क शीतपेटीत ठेवण्याचा ऐकीव उपायही वर्ज्य मानावा. कारण बाहेर काढताच तिच्यावर दव साचते. त्याच नमुन्याच्या दुसऱ्या डिस्कचा बोर्ड बसविण्याचा उपायही आता सहसा चालत नाही, कारण प्रत्येक डिस्कची स्वतंत्र जुळणी तिच्या बोर्डावरील स्मृतिचिपेत नोंदलेली असते.

डिस्क मूक झाली म्हणजे तबकडीच खराब झाली असे मात्र मानू नये. २००८ च्या अखेरीस सीगेट कंपनीच्या बॅराकुडा ७२००.११ मालिकेतील अनेक डिस्का बायोसमधून अकस्मात नाहीशा होऊ लागल्या. दोष डिस्कमध्येच साठविलेल्या नियंत्रक प्रोग्रॅमचा, म्हणजे फर्मवेअरचा होता. अंतर्गत नोंदवहीतील नोंदींची संख्या एका विशिष्ट आकड्यावर असताना वीज चालू केली गेली, की डिस्क सुरुवातीसच अडकून पडे. तबकडी, शीर्ष व माहिती ही सर्व शाबूत होती. फक्त परिचय देण्याची क्रिया थांबली होती. जानेवारी २००९ मध्ये कंपनीने दोष मान्य करून सुधारित फर्मवेअर दिले. ज्यांनी धीर धरला त्यांची माहिती परत मिळू शकली.

याच्या उलट उदाहरण २०१९ मधील आहे. त्या वर्षी नोव्हेंबरात हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझने आपल्या काही एसएसडींविषयी इशारा दिला. फर्मवेअर बदलले नाही, तर ३२,७६८ तास, म्हणजे सुमारे पावणेचार वर्षे चालल्यावर त्या बंद पडणार होत्या व माहिती परत मिळणार नव्हती. एकाच वेळी बसविलेल्या अनेक एसएसडी एकाच सुमारास बंद पडण्याचा संभव असल्याने, एका यंत्रातील जोडप्रत ही खरी दुसरी प्रत नव्हे, हा धडा या प्रकरणाने दिला.

४. परिचय आहे, परंतु मांडणी नाही

तिसऱ्या व चौथ्या पायरीवरील दोष संख्येने पुष्कळ असून बहुधा साध्य असतात. कधी केवळ ड्राइव्हचे अक्षर दिलेले नसते, किंवा तेच अक्षर दुसऱ्या उपकरणाने घेतलेले असते. 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये नवे अक्षर दिले की काम होते. कधी डिस्क लिनक्सवर किंवा मॅकवर तयार केलेली असते. विंडोजला ती फाइल सिस्टिम कळत नाही, आणि 'डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल' असा संदेश येतो. हा संदेश डिस्कच्या दोषाचा नसून वाचकाच्या अज्ञानाचा द्योतक असतो. कन्नड न जाणणाऱ्याने कन्नड शिलालेख कोरा समजून त्यावर मराठी अक्षरे कोरावीत, तशातला हा प्रकार होय. कधी डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते व ४८ अंकी किल्लीवाचून उघडत नाही.

विभागांचा तक्ता नष्ट होण्याचा प्रकार सोलापूरकरांस त्यांच्याच मागावरून समजावून घेता येईल. सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्डवर चढविलेल्या छिद्रांकित कार्डांच्या माळेतून उतरते. माळेची दोरी तुटून कार्डे विखुरली, तर नक्षी उतरत नाही. परंतु प्रत्येक कार्डावरील छिद्रे जागच्या जागी असतात. अनुक्रम पुन्हा लावता आला, की नक्षी परत मिळते. कार्डे टाकून देऊन नवी कोरी कार्डे चढविली, तर मात्र ती कायमची जाते.

डिस्कवरही असेच घडते. जुन्या एमबीआर पद्धतीत पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरात चार नोंदींचा, प्रत्येकी १६ बाइटांचा, म्हणजे एकूण ६४ बाइटांचा तक्ता असतो. एवढी ६४ बाइटे पुसली गेली, तरी सर्व फाइली जागेवर असताना संपूर्ण डिस्क कोरी दिसते. नंतरच्या जीपीटी पद्धतीत तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. अशा वेळी विंडोज 'इनिशियलाइज' करण्याची सूचना करते; ती नाकारावी. 'टेस्टडिस्क'सारखा प्रोग्रॅम विभागांच्या खुणा शोधून तक्ता पुन्हा उभारू शकतो.

५. उपचारापूर्वी प्रतिमा

यावरून मुख्य नियम निष्पन्न होतो : ज्या डिस्कवर एकमेव प्रत आहे, तिच्यावर काहीही लिहू नये. फॉरमॅट, इनिशियलाइज आणि 'चेक डिस्क' या तिन्ही क्रिया डिस्कवर लिहितात. परत मिळालेल्या फाइलीही त्याच डिस्कवर उतरवू नयेत. डिस्क परिचय देत असेल, तर प्रथम तिची सेक्टरशः प्रतिमा दुसऱ्या मोठ्या डिस्कवर घ्यावी. 'जीएनयू डीडीरेस्क्यू' हा प्रोग्रॅम प्रथम सुलभ भाग वाचून घेतो व अवघड भाग शेवटी ठेवतो. त्यामुळे दुबळ्या डिस्ककडून जास्तीत जास्त माहिती मिळते. पुढील सर्व प्रयोग या प्रतिमेवर करावेत.

डिस्कची स्वतःची 'स्मार्ट' नोंदही पाहावी. तीत १९७ क्रमांकाच्या नोंदीत, म्हणजे वाचता न आलेल्या सेक्टरांच्या संख्येत, वाढ दिसल्यास तबकडी किंवा शीर्ष संशयास्पद असते. १९९ क्रमांकाच्या नोंदीत वाढ दिसल्यास दोष बहुधा केबलचा असतो.

एसएसडीच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. फिरत्या डिस्कवर झटपट फॉरमॅट झाले, तरी मूळ माहिती बव्हंशी शिल्लक राहते. संगणकातील एसएसडीवर मात्र फॉरमॅटबरोबर 'ट्रिम' ही आज्ञा जाते, आणि मोकळ्या ठरविलेल्या जागेतील माहिती अल्पावधीत नाहीशी होते.

६. समारोप

सारांश, हार्ड डिस्क न दिसणे हे केवळ लक्षण आहे. त्यावरून माहिती गेली असा निष्कर्ष निघत नाही. वीज, परिचय, मांडणी व फाइल सिस्टिम या क्रमाने शोध घेतला, तर पुष्कळ प्रसंगी एक केबल किंवा एक अक्षर बदलल्याने काम भागते. उरलेल्यांपैकी काहींत प्रतिमा घेऊन माहिती वाचविता येते, आणि शीर्षाच्या बिघाडात वेळीच थांबणे हाच उपचार ठरतो.

तथापि निदानाची ही सारी विद्या दुसऱ्या प्रतीची जागा घेऊ शकत नाही. पुन्हा न मिळणारी नोंद निदान दोन भिन्न जातींच्या साधनांवर असावी, व त्यांपैकी एक साधन दुसऱ्या वास्तूत ठेवलेले असावे. मुलाखत देणारा वृद्ध विणकर पुन्हा भेटेलच असे नाही, आणि एका पावसाळ्यातील माळरानाचे निरीक्षण पुढील पावसाळ्यात करता येत नाही. कुडलच्या लेखाला दगडाने राखले; आजच्या नोंदींना मात्र त्या करणाऱ्यानेच राखले पाहिजे.