आराखडा एकाचा, पैसा दुसऱ्याचा: पुण्याच्या रस्त्यांची चार दशके

पुणे शहराचा विकास आराखडा राज्य सरकारने १९८७ च्या जानेवारीत मंजूर केला. मुदत वीस वर्षांची. म्हणजे २००७ साली नवा आराखडा लागू व्हायला हवा होता. प्रत्यक्षात जुन्या हद्दीचा सुधारित आराखडा मंजूर व्हायला जानेवारी २०१७ उजाडले. मधल्या काळात महापालिकेत त्यावर वर्षानुवर्षे खल झाला आणि २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडाच महापालिकेकडून काढून घेतला. तोवर शहर कुणासाठी थांबले नव्हते. १९९१ च्या जनगणनेत साडेपंधरा लाखांच्या आसपास असलेली महापालिका हद्दीतली लोकसंख्या २०११ मध्ये ३१ लाखांवर गेली होती. १९९७ मध्ये हद्दीत गावे आली, २०१७ मध्ये आणखी अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस. क्षेत्रफळात पुणे महापालिका मुंबईपेक्षाही मोठी झाली.

एवढ्या काळात पुण्यात रस्ते झालेच नाहीत, असे कुणी म्हणणार नाही. पूल झाले, भुयारी मार्ग झाले, मेट्रो आली. पण कोणता रस्ता आधी, कोणता नंतर आणि कोणता कधीच नाही, हे आराखड्याने फारसे ठरवले नाही. पैसा कुठून आला, कोणत्या लेखाशीर्षाखाली आला आणि त्यातून काय बांधायची मुभा होती, त्यावर ते ठरत गेले. या चार दशकांचा हिशेब मांडायचा तर नकाशापेक्षा अंदाजपत्रक समोर ठेवलेले बरे.

नकाशावरची रेघ

१९८७ च्या आराखड्यातली सर्वांत महत्त्वाकांक्षी रेघ होती ‘एचसीएमटीआर’ची, म्हणजे उच्च क्षमता द्रुतगती मार्गाची. मध्य पुण्याला वळसा घालणारा, सुमारे ३५ किलोमीटरचा, २४ मीटर रुंदीचा वर्तुळाकार मार्ग. सार्वजनिक वाहतुकीसाठी ही जागा राखून ठेवावी, असा त्यामागचा विचार होता आणि त्या काळाच्या मानाने तो फार पुढचा होता. रेघ आखली गेली, पण जमीन घ्यायला पैसा कुणाकडे नव्हता. काही तुकडे ताब्यात आले, काही ठिकाणी बांधकामे उभी राहिली, काही प्रकरणे कोर्टात गेली. तीस वर्षांनी महापालिकेने उन्नत मार्गाच्या रूपात प्रकल्प पुन्हा हाती घेतला, तेव्हा बसबरोबर मोटारींनाही त्यात जागा दिली गेली. २०१९ मध्ये निविदा अंदाजित खर्चाच्या कितीतरी वर आल्या आणि त्या रद्द कराव्या लागल्या. मग त्याच मार्गावर ‘निओ मेट्रो’ची चर्चा सुरू झाली. रेघ मात्र अजून कागदावरच आहे.

शहरी रस्त्यातला महाग माल डांबर किंवा सिमेंट नाही, जमीन आहे. ती मिळवण्याचे तीन मार्ग: रोख मोबदला, टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) किंवा जास्तीचा एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक). नव्वदच्या दशकात टीडीआर आला तेव्हा महापालिकांना हायसे वाटले. तिजोरीतून दमडी न देता जमीन मिळणार, मालकाला तेवढे बांधकाम दुसरीकडे करता येणार किंवा हक्क विकता येणार. बाजार तेजीत असेपर्यंत हे चालले. पण एफएसआय सशुल्क आणि मुबलक मिळू लागला तसा टीडीआरचा भाव पडला. त्यातच १ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाला आणि शहरी जमिनीचा मोबदला बाजारभावाच्या जवळपास दुप्पट झाला. मग रस्त्यात जागा जाणारा मालक टीडीआर कशाला घेईल? तो रोख मागू लागला. आणि रोख देण्याची महापालिकेची ताकद नेमकी त्याच सुमारास आटत होती.

दिल्लीचा पैसा, दिल्लीच्या अटी

डिसेंबर २००५ मध्ये केंद्राने जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू केले. पुण्यासारख्या शहरांसाठी सूत्र ठरले: ५० टक्के केंद्र, २० टक्के राज्य, ३० टक्के महापालिका. रुपयातले सत्तर पैसे बाहेरून येणार म्हटल्यावर कोणती महापालिका मागे राहील? २००६ चे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणही वाहनांपेक्षा माणसांची ने-आण महत्त्वाची मानत होते. पुण्याने बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, मागितली आणि मिळवली. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी धावली. दिल्ली आणि अहमदाबाद त्यानंतर आले.

पहिलेपणाची घाई मार्गावर दिसत होती. सातारा रस्त्यावर बसथांबे रस्त्याच्या मधोमध आणि तिथे पोहोचायचे तर भरधाव गाड्यांच्या दोन-तीन रांगा ओलांडायच्या. आजीबाई पिशवी सावरत दुभाजकावर उभ्या आणि सिग्नल कधी लागतोय याची वाट पाहताहेत, हे तेव्हाचे रोजचे दृश्य. मार्गिका बांधायला अभियानाचा पैसा होता. त्यात घुसणाऱ्या दुचाकी रोखायला रखवालदार, दर पाच मिनिटांनी बस, ती चालवायला चालक आणि दुरुस्तीला सुटे भाग यासाठी मात्र नव्हता. ती जबाबदारी २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा एकत्र करून जन्माला घातलेल्या पीएमपीएमएलवर (पीएमपी) पडली. २०१५ मध्ये ‘रेनबो’ नावाने संगमवाडी–विश्रांतवाडी आणि पिंपरी-चिंचवडमध्ये अधिक नीट आखलेले मार्ग सुरू झाले, २०१६ मध्ये नगर रस्ता आला. पिंपरी-चिंचवडने ते बऱ्यापैकी टिकवले. पुण्यात नगर रस्त्यावरची बीआरटी काही वर्षांत कोंडीचे कारण ठरवून काढून टाकण्यात आली. बांधायलाही महापालिकाच, तोडायलाही महापालिकाच.

जकात गेली, मग?

बाहेरून येणाऱ्या पैशात आपला वाटा घालायला स्वतःचे उत्पन्न लागते. पुण्याचा सर्वांत मोठा स्रोत होता जकात. तिच्या नावाने व्यापारी बोटे मोडत, नाक्यांवर ट्रकच्या रांगा लागत, पण शहर वाढले की जकात वाढे आणि ती रोजच्या रोज तिजोरीत जमा होई. १ एप्रिल २०१३ पासून तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला. व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली आणि २०१५ मध्ये बहुतेकांसाठी तोही गेला. २०१७ पासून जीएसटी आणि त्यापोटी राज्याकडून मिळणारे अनुदान. म्हणजे अवघ्या चार-पाच वर्षांत महापालिका कमावतीची हप्ता घेणारी झाली.

उरले दोन हुकमी स्रोत: मिळकतकर आणि बांधकाम परवानगीचे शुल्क. दुसऱ्यात एक पेच आहे. नव्या इमारतींना परवानगी दिली की पैसा येतो आणि त्या इमारतींमुळेच नवा रस्ता लागतो. पैसा आज येतो, रस्ता दहा वर्षांनी. बाणेर, बालेवाडी, खराडी, आंबेगाव, उंड्री इथे राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. आधी टॉवर, मग टँकर, मग कोंडी आणि शेवटी भूसंपादनाची नोटीस, असाच तिथला क्रम राहिला.

पैसा उभा करण्याचे नवे प्रयोगही झाले. जून २०१७ मध्ये पुण्याने २०० कोटींचे रोखे बाजारात आणले, पण ते समान पाणीपुरवठ्यासाठी. पुढे रस्ते आणि पुलांसाठी ‘क्रेडिट नोट’ आली: विकसकाने स्वतःच्या पैशाने रस्ता बांधायचा आणि ती रक्कम पुढे महापालिकेला द्यायच्या शुल्कांतून वळती करून घ्यायची. तिजोरीला आज झळ नाही, पण उद्याचे उत्पन्न आजच खर्ची पडते. शिवाय यातून रस्ता तिथेच होतो, जिथे विकसकाला तो हवा असतो.

कात्रज–कोंढवा: एका रस्त्याची गोष्ट

पैशाचा हा गुंता एकाच ठिकाणी पाहायचा असेल, तर कात्रज–कोंढवा रस्त्यावर जावे. साताऱ्याकडून येणारी अवजड वाहतूक शहरात न शिरता सासवड आणि सोलापूरच्या दिशेला जाते ती इथून. राजस सोसायटी ते खडी मशिन चौक, लांबी जेमतेम साडेतीन किलोमीटर. रुंदी ८४ मीटर करायचे ठरले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये भूमिपूजन झाले. त्या दिवशी बहुतेक जमीन महापालिकेच्या ताब्यात नव्हती.

मालक रोख मोबदल्यावर अडून बसले आणि महापालिका टीडीआर पुढे करत राहिली. काम जमिनीप्रमाणे तुकड्या-तुकड्यांत झाले. एका सोसायटीसमोर ऐसपैस सिमेंटचा रस्ता, पुढच्या वळणावर पत्र्याची कुंपणे आणि जुनाच अरुंद गळा. त्या गळ्यात ट्रेलर, शाळेच्या बस, रिक्षा आणि दुचाकी एकाच वेळी घुसतात. तिथे माणसे मेली, दरवेळी आंदोलने झाली, दरवेळी अधिकाऱ्यांचे पाहणी दौरे झाले. शेवटी रुंदी ८४ वरून ५० मीटरवर आणली गेली आणि जमिनीच्या रोख मोबदल्यासाठी राज्य सरकारने २०० कोटींची मदत जाहीर केली. भूमिपूजनानंतर जमिनीच्या पैशाची तजवीज व्हायला पाच वर्षे लागली.

उलट बाजूला चांदणी चौक. तिथेही जमिनीने वेळ खाल्लाच, पण प्रकल्प राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा आणि दिल्लीत त्यामागे मंत्री. २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे जुना पूल स्फोटकांनी पाडला, ऑगस्ट २०२३ मध्ये नवे पूल आणि रॅम्प खुले झाले. गाड्या सुटल्या, पण पायी चालणाऱ्यांचे काय, हा प्रश्न उद्घाटनानंतर उभा राहिला. महामार्गाच्या पैशात गाडीचा विचार आधी होतो आणि माणूस ‘पुढच्या टप्प्यात’ येतो.

‘स’ यादीचे शहर

मोठ्या प्रकल्पांची चर्चा पेपरात होते, पण प्रभागातला रस्ता ठरतो ‘स’ यादीत. महापालिकेच्या अंदाजपत्रकाची ही यादी म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेली कामे. पाने चाळत गेले की पेव्हिंग ब्लॉक, बाके, नामफलक, कमान, गल्लीचे काँक्रिटीकरण अशी ओळीमागून ओळ लागते. वर्षाअखेरीस वर्गीकरणे सुरू होतात, न झालेल्या कामाचा पैसा झटपट होणाऱ्या कामाकडे वळतो आणि मार्चमध्ये चांगला फुटपाथ उखडून नवा बसवला जातो. आराखड्यातल्या दोन रस्त्यांना जोडणारा दोनशे मीटरचा अर्धवट तुकडा, ज्याला महापालिकेत ‘मिसिंग लिंक’ म्हणतात, या यादीत बसत नाही. तो दोन प्रभागांच्या सीमेवर असतो, त्याला भूसंपादन लागते आणि एका कार्यकाळात त्याचे उद्घाटन होत नाही.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची जवळपास चार वर्षे प्रशासकराज होते. ‘स’ यादीचा बोलबाला ओसरला, पण कोणता रस्ता आधी, हे उघड सभागृहात विचारणारेही कुणी उरले नाही.

मेट्रो आणि पाडलेले पूल

दिल्ली मेट्रोने पुण्याचा प्रकल्प अहवाल २००९ मध्ये दिला. उन्नत की भुयारी, या वादात वर्षे गेली. डिसेंबर २०१६ मध्ये भूमिपूजन झाले, मार्च २०२२ मध्ये पहिले छोटे टप्पे धावू लागले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये गाडी स्वारगेटला पोहोचली. ११,४२० कोटींच्या या प्रकल्पात जवळपास निम्मा पैसा कर्जाचा, त्यात युरोपियन गुंतवणूक बँक आणि फ्रान्सची विकास संस्था. निधीसाठी मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो अधिभार बसला. फ्लॅट घेणारा मेट्रोत बसो वा न बसो, त्याचा हातभार लागतोच.

याच काळात विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला गेला. जेमतेम चौदा-पंधरा वर्षे वापरलेला पूल हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोच्या आड आला होता. पूल बांधला तेव्हा वरून कधी काही जाईल, याचा विचार नव्हता. त्या जागी दुमजली पूल आला आणि त्याची एक बाजू २०२५ मध्ये खुली झाली. मधली पाच वर्षे औंध, बाणेर आणि पाषाणकरांनी मोजली. नळ स्टॉपला मात्र मेट्रो आणि पूल एकत्र आखले गेले आणि एकाच खोदाईत भागले. फरक अभियांत्रिकीचा नव्हता, दोन यंत्रणा एका टेबलावर बसल्या की नाही, याचा होता. त्यासाठीच २०१५ मध्ये पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) स्थापन झाली, पण रस्ता महापालिकेचा, महामार्ग प्राधिकरणाचा, बाहेरचा रिंगरोड रस्ते विकास महामंडळाचा आणि बस पीएमपीची, ही वाटणी कायम राहिली.

ज्याला वाली नाही

रोज धावणाऱ्या बसला भूमिपूजन नसते. पीएमपीची संचलन तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड ६०:४० प्रमाणात भरतात आणि दरवर्षी ती भरताना उपकार केल्यासारखे बोलले जाते. उड्डाणपुलाची मात्र कधी ‘तूट’ निघत नाही. पूल तिकीट लावत नाही, म्हणून तो तोट्यात आहे असेही कुणी म्हणत नाही. दोन महानगरांना मिळून बसगाड्या दोन हजारांच्या आसपास, तर २०१८ मध्येच पुण्यात नोंदलेल्या वाहनांचा आकडा ३६ लाखांवर गेला होता.

त्याच वर्षी मार्चमध्ये पार्किंग धोरण आले. रस्त्यावर गाडी लावणाऱ्याकडून पैसे घ्यायचे आणि ते सार्वजनिक वाहतुकीला द्यायचे, अशी त्याची मांडणी. विरोध झाला, मोजक्या रस्त्यांवर प्रयोग करू असे ठरले आणि तोही झाला नाही. रस्ता वापरणाऱ्याकडून पैसा उभा करण्याचा पुण्यातला हा एकमेव गंभीर प्रयत्न. कोल्हापुरातले टोल आंदोलन पाहिलेल्या राज्यकर्त्यांना त्याची धास्ती वाटली असेल, तर नवल नाही. मग पैसा तिथूनच येत राहिला, जिथे कुणी रस्त्यावर उतरत नाही: कर्ज, अधिभार, एफएसआय.

आता चर्चा आहे येरवडा–कात्रज बोगद्याची आणि दोन-दोन रिंगरोडची. त्यांना विरोध करण्याचे कारण नाही, पण चार दशकांचा धडा प्रत्येक प्रस्तावाला लावून पाहायला हवा. जमीन किती टक्के ताब्यात आहे आणि उरलेलीचा रोख मोबदला कुणाच्या तिजोरीतून जाणार? बांधून झाल्यावर दुसऱ्या वर्षापासून चालवण्याचा खर्च कोण देणार? हीच जागा आणखी कोणत्या यंत्रणेच्या नकाशावर आहे? अंदाजपत्रकात प्रत्येक रस्त्याच्या रकमेसमोर ही तीन उत्तरे छापली, तर निम्म्या प्रकल्पांचे भूमिपूजन पुढे ढकलावे लागेल. ते ढकलावे. नारळ दोन वर्षे उशिरा फुटला तर शहराचे काही बिघडत नाही. नारळ फुटून सात वर्षे रस्ता अर्धवट राहतो तेव्हा काय होते, हे कात्रजला पाहून झाले आहे.