बिनतिकीट बेटावर!

ए, इकडे ये ना, एक गंमत सांगते!

पावसाळ्यात कुम्हारीहून रायपूरला निघालं की खारून नदीचा पूल लागतो. कधी वाकून खाली बघितलंयस? गढूळ पाण्यावर जलपर्णीचा हिरवा पुंजका डुलत चाललेला असतो. नीट बघ! त्यावर मुंग्या असतात, एखादी गोगलगाय, कधी बेडूकसुद्धा. सगळे फुकटे प्रवासी!

चालले कुठे? खारून शिवनाथला मिळते, शिवनाथ महानदीला आणि महानदी थेट बंगालच्या उपसागराला! (मध्ये हिराकूडचं धरण आडवं येतं. तिथे आपली मंडळी अडकणार म्हणा!)

पण काहींची गाडी खरंच बेटापर्यंत पोचते. १९९५ सालची गोष्ट. कॅरिबियन समुद्रात लागोपाठ दोन वादळं झाली. थोड्याच दिवसांत अँग्विला बेटाच्या किनाऱ्याला उन्मळलेल्या झाडांचा भलामोठा गुंता येऊन लागला. त्यावर कोण बसलं होतं, ओळख पाहू!

हिरवे इग्वाना! म्हणजे सरड्यांचे दादा. पूर्ण वाढले की शेपटीसकट तुझ्याहून लांब! एक-दोन नाही, निदान १५ जण. त्या जातीचा एकही इग्वाना आधी तिथे नव्हता. उतरले आणि राहिलेच की!

मग बेडूक का नाही जात असे? काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घातलं की कसं पाणी सुटतं? बेडकाची कातडी इतकी पातळ, की खाऱ्या पाण्यात त्याची तशीच गत होते. सरड्याला मात्र खवल्यांचा रेनकोट! शिवाय उपास करण्यात तो आजीलाही हरवेल. म्हणूनच भर समुद्रातल्या दूरदूरच्या बेटांवर पाली-सरडे भेटतात, पण आपणहून आलेला बेडूक फारच क्वचित.

आणि कोळी? तो तर उडत येतो! इवलासा कोळी गवताच्या शेंड्यावर चढतो, पोट वर करतो, रेशमाचा धागा हवेत सोडतो... आणि निघाला पतंगासारखा! फक्त खाली मांजा धरायला कोणी नाही.

१८८३ साली इंडोनेशियातलं क्राकाटोआ बेट ज्वालामुखीने फुटलं. उरलेल्या तुकड्यावर नुसती राख. नऊ महिन्यांनी काही फ्रेंच मंडळी तिथे गेली. खूप शोधलं. सापडला एकच जीव, दिसेल न दिसेल एवढा कोळी! काय करत होता सांगू? जाळं विणत होता! माशीचा पत्ता नाही, आणि हा आपला विणतोय, विणतोय...