नाणेघाटातील नागनिका : एका राजपत्नीविषयीचे समज आणि शिलालेखाची साक्ष

उंबरमाळीच्या बाजूने कसाऱ्याचा थळघाट आणि मुरबाडच्या बाजूने नाणेघाट, अशा दोन जुन्या वाटांनी शहापूर-मुरबाडचा मुलूख घाटमाथ्याशी जोडला गेला आहे. त्यांपैकी वैशाखऱ्याच्या रानातून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर एक कोरीव गुहा असून, तिच्या भिंतींवर सातवाहन घराण्यातील एका राणीचा वृत्तान्त ब्राह्मी लिपीत कोरलेला आहे. ही राणी म्हणजे पहिल्या सातकर्णीची पत्नी नागनिका, जिचे नाव याच गुहेत ‘नायनिका’ असे आढळते. कर्नल साइक्स यांनी 1828 मध्ये या गुहेकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील अंकांचा उलगडा केला आणि 1883 मध्ये गेऑर्ग ब्यूलर यांनी लेखाचे संपादन प्रसिद्ध केले. तरीही या राणीविषयी लोकांत रूढ असलेल्या समजुती आणि दगडावरील मजकूर यांत आजही बरेच अंतर आहे.

सर्वांत रुजलेला समज असा की, हा लेख म्हणजे घाटातील जकातीचा दरफलक होय. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण, त्यात व्यापारी जकातीची नाणी टाकत असत ही सांगोवांगी, घाटाचे नाव आणि लेखात ठिकठिकाणी दिसणारे आकडे या साऱ्यांची सांगड घालून हा निष्कर्ष काढला जातो. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नरकडे जाणारा माल या वाटेने चढत असे आणि अशा वाटेवर जकात घेतली जाणे स्वाभाविकच होते. परंतु लेखाच्या उरलेल्या मजकुरात जकातीचा उल्लेख नाही. त्यातील आकडे दक्षिणेचे, म्हणजे यज्ञानंतर ऋत्विजांना आणि इतरांना दिलेल्या दानाचे आहेत. अग्न्याधेय, राजसूय, दोन अश्वमेध, गवामयन, आप्तोर्याम अशा श्रौत यज्ञांची, म्हणजे वेदोक्त विधीने अग्नीत करावयाच्या यज्ञांची, जंत्री देऊन त्या त्या यज्ञात किती गाई, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दिली गेली याचा हिशेब तेथे मांडलेला आहे. एका ठिकाणी 1,700 गाई आणि 10 हत्ती, तर दुसऱ्या ठिकाणी 24,400 कार्षापण अशी नोंद आहे. हे आकडे लिहिताना दहा, शंभर, हजार यांसाठी स्वतंत्र चिन्हे वापरलेली असून शून्य किंवा स्थानमूल्याची पद्धत त्यांत नाही; त्यामुळे भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात या भिंतीला जे महत्त्व आले आहे, ते जकातीच्या कल्पित दरफलकाला कधीही येऊ शकले नसते.

नागनिका ही स्वतःच्या नावाने राज्य करणारी सम्राज्ञी होती, हा दुसरा समज अलीकडे अधिक आवेशाने मांडला जातो. राजपत्नी आणि राज्यकर्ती यांतील भेद प्राचीन इजिप्तच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. दुसऱ्या रामसेसची ‘महान राजपत्नी’ नेफर्तारी हिच्यासाठी अबू सिंबेल येथे मंदिर कोरले गेले आणि त्याच्या दर्शनी भागात तिच्या मूर्ती राजाच्या मूर्तींएवढ्याच उंच घडवल्या गेल्या, तरी ती राज्यकर्ती नव्हती. उलट हॅट्शेप्सुट हिने राजाची बिरुदे स्वतः धारण केली आणि प्रत्यक्ष राज्य केले. नाणेघाटच्या लेखात ‘दक्षिणापथपती’ हे बिरुद सातकर्णीचे आहे. राणीचे वर्णन महारठीची कन्या, राजाची पत्नी, वेदिसिरी आणि सतिसिरी यांची माता, महिनाभराचे उपवास करणारी, घरी राहून तापसीचे जीवन जगणारी आणि ब्रह्मचर्य पाळणारी, असे येते. या व्रतस्थ वर्णनावरून ती तेव्हा विधवा असावी आणि मुलगा लहान असल्याने तिने राज्यकारभार पाहिला असावा, असे अनुमान अभ्यासकांनी केले असून ते सयुक्तिक आहे. मात्र ते अनुमानच आहे, कारण लेखाच्या अनेक ओळी झिजून तुटल्या आहेत आणि भिंतीवरील या दीर्घ लेखात तिचे नावसुद्धा अखंड उरलेले नाही. ते मिळते गुहेच्या मागील भिंतीवरील नामलेखांतून. तिने यज्ञ स्वतंत्रपणे केले, असेही अनेकदा सांगितले जाते. श्रौत यज्ञाला यजमानाबरोबर पत्नीची उपस्थिती आवश्यक असते, म्हणून हे यज्ञ राजाराणीचे मिळून झालेले मानणे अधिक योग्य. आणि यात तिचे महत्त्व उणे होण्याचे काहीच कारण नाही.

‘महारठी’ या शब्दावरून आणखी एक घोटाळा होतो, कारण तो जातिवाचक किंवा भाषावाचक समजला जातो. येथे ते एका उच्च अधिकारपदाचे किंवा सरंजामी मानाचे नाव असून, ते धारण करणाऱ्या घराण्याशी झालेला हा विवाह सातवाहनांच्या सत्तेला बळ देणारा ठरला असावा. लेखाची भाषा संस्कृत नाही आणि आजच्या अर्थाने मराठीही नाही. ती प्राकृत आहे. मराठीच्या पूर्वपरंपरेचा विचार करताना या लेखाचा आधार अवश्य घ्यावा, पण त्याला मराठीतील पहिला शिलालेख म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही.

सातवाहन राजे आईचे नाव लावत, म्हणून ते घराणे मातृसत्ताक होते, हेही विधान नागनिकेच्या संदर्भात वारंवार केले जाते. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी नावे पुढच्या काळातील राजांची आहेत, नागनिकेच्या पतीचा उल्लेख मात्र तसा येत नाही. शिवाय मातृनाम लावूनही वारसा पित्याकडून पुत्राकडेच जात होता. नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्री ही याच घराण्यातील, पण बऱ्याच नंतरची राजमाता असून, तिने बौद्ध भिक्षुसंघाला लेणे दान दिले. या दोघींना एकच समजण्याची चूक इतकी सर्रास होते की, नाणेघाटची गुहादेखील पुष्कळ जण बौद्ध विहार मानतात. वास्तविक नाणेघाटच्या लेखाच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना नमन आहे, आणि ती गुहा म्हणजे राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमांचे दालन होते.

त्या प्रतिमा आज पाहता येतील, अशा अपेक्षेने घाट चढणाऱ्यांची निराशा होते. सिमुक सातवाहन, राजाराणी, कुमार आणि महारठी यांच्या शिल्पांपैकी पायांच्या खुणांपलीकडे फारसे काही उरलेले नाही; वर कोरलेली नावे तेवढी टिकून आहेत. त्यांतील राजाराणीच्या नामलेखात ‘देवी नायनिका’ हे नाव आधी येते आणि ‘राजा श्री सातकर्णी’ हे त्यानंतर.