झेंड्याकडे नेम धरण्याआधी

गोल्फचा फटका कसा मारावा, हे शिकवणारे खूप भेटतात. तो कुठे मारावा, हे मात्र बहुतेक हौशी खेळाडू टीवर उभे राहिल्यावर, क्लब हातात घेऊनच ठरवतात. होल कसा खेळावा याबद्दलच्या काही समजुती त्यामुळे पक्क्या रुजून बसल्या आहेत. त्या तपासायला अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनलसारखं मैदान नाही. मास्टर्स ही स्पर्धा दरवर्षी तिथेच होते, त्यामुळे तेच अठरा होल उत्तमोत्तम खेळाडू वर्षानुवर्षं कसे खेळले, हे पाहता येतं.

गैरसमज: चांगला खेळाडू झेंड्यावरच नेम धरतो.

ऑगस्टाचा बारावा होल अवघा १५५ यार्डांचा, पार तीन. समोर रेज क्रीक हा ओढा. ग्रीन अरुंद आणि तिरकं आहे. त्याची उजवी बाजू टीपासून लांब, डावी जवळ. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फटका उजवीकडे भरकटला की सहसा आखूड पडतो आणि डावीकडे ओढला गेला की लांब जातो. म्हणजे ग्रीनचा तिरकेपणा त्याच्या चुकांच्या नेमका उलट आहे. त्यात शेवटच्या दिवशी झेंडा परंपरेने उजवीकडे लावतात. २०१९ मध्ये दोन फटक्यांनी आघाडीवर असलेल्या फ्रान्चेस्को मोलिनारीचा चेंडू इथे पाण्यात गेला. कोएप्का, पोल्टर, फिनाऊ यांचेही गेले. टायगर वुड्सने झेंडा सोडून डावीकडे, बंकरच्या वरून चेंडू मारला, दोन पटमध्ये पार घेतला आणि पुढे स्पर्धाही जिंकली. मला तो फटका त्याच्या कित्येक गाजलेल्या फटक्यांपेक्षा मोठा वाटतो.

एक आकडा इथे उपयोगी पडेल. आठ फुटांवरचे पट पीजीए टूरवरचे व्यावसायिकसुद्धा साधारण निम्मेच घालतात. झेंड्याशी सलगी करून मिळणारा फायदा इतकाच, आणि समोर पाणी असेल तर तोटा मात्र सरळ एक-दोन फटक्यांचा.

गैरसमज: ले-अप, म्हणजे चेंडू मुद्दाम ग्रीनच्या अलीकडे ठेवणं, म्हणजे कच खाणं.

२००७ च्या मास्टर्समध्ये झॅक जॉन्सनने चार दिवसांत सोळा वेळा पार पाचचे होल खेळले आणि एकदाही दुसऱ्या फटक्यात ग्रीन गाठायचा प्रयत्न केला नाही. त्या सोळा होलमध्ये तो पारच्या अकरा फटके खाली राहिला आणि दोन फटक्यांनी विजेता ठरला.

यावरून ‘आपल्या लाडक्या शंभर यार्डांवर चेंडू ठेवा’ असा उलटा धडाही घेतला जातो. तोही चुकीचाच. कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिकांच्या लाखो फटक्यांचा हिशेब मांडला. त्यांच्या आकड्यांनुसार फेअरवेवर शंभर यार्डांवरून होल संपवायला सरासरी २.८ फटके लागतात, साठ यार्डांवरून २.७ आणि वीस यार्डांवरून २.४. वाटेत पाणी, वाळू नसेल तर चेंडू जितका पुढे तितकं बरं. जॉन्सनचा निर्णय बरोबर होता, कारण तो लांब मारणारा नव्हता, त्याचा वेज अचूक होता आणि तेराव्या, पंधराव्या होलवर ग्रीनपुढे पाणी आहे.

गैरसमज: ज्याँ व्हॅन द वेल्डला ड्रायव्हरने बुडवलं.

१९९९, कार्नुस्टी, ब्रिटिश ओपनचा शेवटचा होल. तीन फटक्यांची आघाडी होती, सहा फटके पुरेसे होते. त्याने ड्रायव्हर काढला आणि लोक आजही त्याच क्लबला दोष देतात. पण तो चेंडू उजवीकडे, सतराव्या होलच्या मोकळ्या जागेत पडला. कोरडा आणि मारण्याजोगा. तिथून वेजने ग्रीनपुढच्या ओढ्याअलीकडे, मग ग्रीनवर आणि तीन पट, असे सहा होऊन करंडक त्याचा होता. त्याने दोन नंबरच्या आयर्नने थेट ग्रीनचा प्रयत्न केला. चेंडू प्रेक्षकांच्या स्टँडवर आपटला, ओढ्याच्या दगडी काठावरून उसळला आणि दाट गवतात गेला. पुढचा फटका पाण्यात. सात झाले, आणि प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. चूक दुसऱ्या फटक्याची होती. पहिला फटका बिघडल्यावर होलची आखणी नव्याने करायची असते, ती त्याने केली नाही.

गैरसमज: पार चारला दोन फटक्यांत ग्रीन गाठलंच पाहिजे.

ऑगस्टाच्या अकराव्या होलवर ग्रीनच्या डावीकडे तळं आहे. बेन होगन म्हणत असे, की मी इथे दुसऱ्या फटक्यात ग्रीनवर दिसलो तर माझा फटका चुकला असं समजा. तो मुद्दाम ग्रीनच्या उजवीकडे चेंडू ठेवायचा. १९८७ च्या मास्टर्सच्या प्लेऑफमध्ये लॅरी माइझनेही ग्रीनच्या उजवीकडून, सुमारे १४० फुटांवरून चिप थेट होलमध्ये घातली आणि ग्रेग नॉर्मनला हरवलं. तुमचा हँडिकॅप अठरा असेल तर प्रत्येक होलवर एक फटका तुम्हाला मिळालेलाच आहे. अवघड पार चार तुमच्यासाठी पाचचाच आहे, तो तसाच खेळा.

गैरसमज: टीवर चेंडू मधोमध ठेवायचा.

दोन खुणांच्या रेषेमागे दोन क्लबच्या लांबीइतकी जागा तुमची असते. उजवीकडे धोका असेल तर उजव्या टोकाला चेंडू ठेवा आणि धोक्यापासून दूर, डावीकडे मारा.

गैरसमज: डोकं खेळाडूचं, कॅडीने फक्त बॅग उचलावी.

१९८२ पर्यंत मास्टर्समध्ये खेळाडूंना स्वतःचा कॅडी आणता येत नसे, क्लबचेच घ्यावे लागत. ही अट गेल्यावरही बेन क्रेन्शॉने ऑगस्टाचेच कार्ल जॅक्सन सोबत ठेवले आणि १९८४ व १९९५ या दोन्ही विजयांत तेच त्याच्याबरोबर होते. चेंबूरला किंवा पुण्यात तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या कॅडीनेही ते होल रोज पाहिलेले असतात. त्यांना अंतर तर विचाराच. पण इथे बहुतेकांचे चेंडू कुठे वाया जातात, हेही विचारा आणि मगच क्लब निवडा.